मासा मेल्यावर काय पडतं? माइनक्राफ्टमधली लूट टेबलं आणि ती बदलण्याची रीत

समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक विषय ऐकूनच आलेत आणि उरलेले निम्मे त्यांना घेऊन आलेत, असं दिसतंय. म्हणून दोघांनाही धरून बोलायचा प्रयत्न करतो. मुलांना जे आधीच ठाऊक आहे ते पालकांसाठी थोडक्यात सांगू, आणि मुलांना जे बहुधा ठाऊक नाही तिथे जास्त वेळ थांबू. पडद्यावर जो मजकूर दाखवला जाईल तो फाईलमध्ये इंग्रजी लिपीतच टाइप करायचा असतो. बोलताना आपण तो उच्चारतो तसाच घेऊ.

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ. २००९ च्या मे महिन्यात त्याची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली, २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण खेळ आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटी प्रती खपल्या होत्या. या खेळाला ठरलेली गोष्ट नाही. जग तयार होतं, तुम्ही त्यात उतरता, खणता, बांधता, शेती करता, प्राणी पाळता किंवा मारता. प्राणी मेला की त्याच्या जागी काही वस्तू पडतात. गायीचं मांस आणि कातडं, कोंबडीची पिसं, झोंबीचं सडकं मांस. या पडण्याला 'ड्रॉप' म्हणतात आणि पडलेल्या मालाला 'लूट'. हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच नेलाय, अठराव्या शतकाच्या आसपास. आता खेळातून तो परत आलाय, आणि पोरं तो इंग्रजी समजून वापरतात.

कोणत्या प्राण्यातून काय पडणार, किती पडणार, किती वेळा पडणार, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. त्याला लूट टेबल म्हणतात. सुरुवातीची काही वर्षं हे सगळं खेळाच्या कोडमध्येच गाडलेलं होतं. ते बदलायचं तर खेळाचं पोट फाडून जावा भाषेत मॉड लिहावा लागे. २०१६ च्या फेब्रुवारीत १.९ ही आवृत्ती आली तेव्हा हे तक्ते बाहेर काढून साध्या मजकुराच्या फाईलींत ठेवले गेले. २०१८ मध्ये १.१३ आवृत्तीसोबत 'डेटा पॅक' ही सोय आली, म्हणजे अशा फाईलींचं एक फोल्डर जगात टाकलं की जगाचे नियम बदलतात. आज नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी, प्रोग्रामिंग न शिकता, फक्त कंस आणि स्वल्पविराम नीट सांभाळून, एका जगातल्या सगळ्या प्राण्यांचं मोल ठरवू शकते. आम्हाला हे फार मोठं वाटतं.

तक्ता आतून कसा असतो ते बघू. चार शब्द लागतील: पूल, रोल, एंट्री आणि वेट. भिशीच्या चिठ्ठ्या डोळ्यांसमोर आणा. पूल म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा. रोल म्हणजे त्या डब्यातून किती वेळा चिठ्ठी काढायची. एंट्री म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेली वस्तू. वेट म्हणजे त्या वस्तूच्या नावाच्या किती चिठ्ठ्या डब्यात टाकल्यात. खेळातलं ध्रुवीय अस्वल घ्या. त्याच्या डब्यात कच्च्या कॉड माशाच्या ३ चिठ्ठ्या आणि कच्च्या सॅमनची १. एकदाच चिठ्ठी निघते. म्हणजे चारांतून तीनदा कॉड, एकदा सॅमन. मग निघालेला मासा किती नग द्यायचा, ते 'सेट काउंट' नावाचं फंक्शन ठरवतं: शून्य ते दोन. म्हणजे अस्वल मारूनही कधीकधी हाती काहीच लागत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. वेट म्हणजे टक्के नव्हेत. तीन आणि एक लिहा किंवा पंचाहत्तर आणि पंचवीस लिहा, खेळाला काही फरक पडत नाही. तो बेरीज करतो आणि भाग देतो. पण तुम्ही त्या डब्यात नवीन वस्तू टाकलीत, समजा हिऱ्याची एक चिठ्ठी, तर बाकी सगळ्यांचा वाटा आपोआप कमी होतो. पुष्कळ मुलं हिरा घालतात आणि मग विचारतात, मासे का कमी झाले? डबा तोच आहे ना. हिरा वेगळाच द्यायचा असेल तर वेगळा पूल करा, म्हणजे दुसरा डबा, आणि त्यावर स्वतंत्र अट घाला. 'रँडम चान्स' नावाची अट असते, तिथे ०.०५ लिहिलं की पाच टक्के.

आता हे पाच टक्के म्हणजे काय, यावर थोडं थांबू, कारण सगळी भांडणं इथेच होतात. खेळात विदर स्केलेटन नावाचा एक काळा सांगाडा आहे. त्याची कवटी पडण्याची शक्यता अडीच टक्के. म्हणजे सरासरीने ४० मारावेत तेव्हा एक. पोरं काय धरून चालतात? चाळीस मारले की मिळालीच पाहिजे. तसं होत नाही. प्रत्येक वेळी कवटी न पडण्याची शक्यता ०.९७५ आहे, ती चाळीस वेळा गुणली की साधारण ०.३६ येते. म्हणजे चाळीस मारणाऱ्या शंभर मुलांपैकी छत्तीस-एक मुलं रिकाम्या हाताने घरी जातील. शंभर मारूनही रिकामे राहणारे आठ जण असतील. आणि विदर नावाचा मोठा राक्षस बोलवायला अशा तीन कवट्या लागतात.

मागे जे दर्यावर जाणारे बसलेत त्यांना हे नवीन नाही. काल जाळं रिकामं आलं म्हणून आज भरून येईल असं समुद्राने कुणाला लिहून दिलेलं नाही. खेळाचा तक्ताही मागचं काही लक्षात ठेवत नाही. मात्र तलवारीवर 'लूटिंग' नावाचा मंत्र चढवता येतो, त्याच्या तीन पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला कवटीची शक्यता एक टक्क्याने वाढते. तिसऱ्या पायरीला साडेपाच टक्के, म्हणजे सरासरी अठरा-एक सांगाड्यांमागे एक. तक्ता लिहिताना ही वाढ द्यायची की नाही, हेही तुमच्याच हातात असतं. आमचा अनुभव असा की नवीन माणूस शक्यता फार मोठी ठेवतो. दुर्मिळ वस्तू वीस टक्क्यांवर नेतो, दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पेट्या भरलेल्या असतात आणि कुणी खेळायला येत नाही.

इथपर्यंत गणित झालं. आता ज्यासाठी आम्ही हा विषय डोंगरीत घेतला ते सांगतो. प्राणी मेल्यावर काय पडतं हे ठरवणं म्हणजे खेळणाऱ्याने त्या प्राण्याशी कसं वागावं हे ठरवणं. ज्याने हा खेळ पहिल्यांदा रचला त्याला हे चांगलं कळत होतं. मेंढी बघा. मारली तर एक लोकर आणि थोडं मटण. कात्रीने कातरली तर एक ते तीन लोकर, आणि मेंढी जिवंत. गवत खाल्लं की लोकर पुन्हा येते. लोकर हवी असलेला कुठलाही शहाणा पोरगा मेंढी मारत नाही. त्याला कुणी 'मारू नको' असं सांगितलेलं नसतं. तक्त्यानेच सांगितलेलं असतं. कोंबडीचं तेच, ती दर पाच ते दहा मिनिटांनी अंडं देते. समुद्री कासव तर याहून पुढे. मोठं कासव मारलंत तर थोडं समुद्री गवत, म्हणजे जवळजवळ काही नाही. पण कासवाचं पिल्लू वाढून मोठं झालं की त्या क्षणी त्याच्याकडून एक कवचाचा तुकडा पडतो, आणि त्या तुकड्यांपासून पाण्याखाली श्वास टिकवणारं शिरस्त्राण बनतं. म्हणजे बक्षीस कशाला आहे? पिल्लू जगवण्याला.

आणि आणखी एक नियम, जो बहुतेकांनी पाहिलाय पण विचार केलेला नाही. गाय, डुक्कर, मेंढी, कोंबडी यांचं पिल्लू मारलं तर काहीच पडत नाही. मांस नाही, अनुभवाचे गुणही नाहीत. हा नियम लूट टेबलातही नाही. तो त्याच्या आधीच, खेळाच्या कोडमध्ये आहे. पिल्लू असेल तर तक्ता उघडलाच जात नाही. तुम्ही तक्ता कितीही बदला, वासरातून काही निघणार नाही.

उत्तन, पाली, चौक आणि आपली डोंगरी या पट्ट्यात हा नियम वेगळा समजावून सांगावा लागू नये. लहान मासळीचं काय होतंय हे इथे घराघरात बोललं जातं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचा नाही. पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८० मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा झाला. नियम बरोबर की चूक, तो सगळ्यांवर सारखा चालतो की नाही, यावर इथेच दोन तास भांडता येईल आणि आज ते करायचं नाही. आम्हाला एवढंच दाखवायचंय की हा नियम एका खेळात लिहून पाहता येतो, आणि लिहिताना तो कुठे पक्का आहे नि कुठे गळतो, ते हाताला कळतं.

कॉड माशाला खेळात लहान-मोठा असा भेद नाही. पण सॅमनला आहे. १.२१.२ या आवृत्तीपासून जावा खेळात सॅमन तीन मापांत येतो: स्मॉल, मीडियम, लार्ज. हे माप त्या माशाच्या माहितीत 'टाईप' या नावाखाली साठवलेलं असतं. मूळ तक्ता मात्र मापाकडे बघत नाही. कुठलाही सॅमन मारा, एक कच्चा सॅमन पडतो, आणि पाच टक्के वेळा हाडाची पूड.

आपण हा तक्ता बदलू. आधी फोल्डर. जगाच्या फोल्डरमध्ये 'डेटापॅक्स' असतं, त्यात आपल्या पॅकचं फोल्डर करायचं. त्यात 'पॅक डॉट एमसीमेटा' नावाची छोटी फाईल, जिच्यात पॅकचं वर्णन आणि त्या आवृत्तीचा फॉरमॅट आकडा. मग 'डेटा', त्यात 'माइनक्राफ्ट', त्यात 'लूट टेबल', त्यात 'एंटिटीज', आणि शेवटी 'सॅमन डॉट जेसन'. जुनी शिकवणी बघून करणाऱ्यांनी लक्ष द्या: १.२१ च्या आधी त्या फोल्डरचं नाव 'लूट टेबल्स' असं अनेकवचनी होतं, आता एकवचनी आहे. त्या एका अक्षरापायी अनेकांच्या रात्री गेल्यात, कारण खेळ चूक दाखवत नाही. फोल्डर ओळखीचं नसलं की गप्प मूळ तक्ता वापरत राहतो.

आता फाईलच्या आत. एक पूल, रोल एक. पण त्यात नेहमीची एंट्री न देता 'आल्टरनेटिव्ह्ज' प्रकारची एंट्री द्यायची. तिच्या पोटात मुलं असतात, आणि खेळ ती क्रमाने तपासतो. ज्याची अट पहिली पूर्ण होईल ते घेतो आणि पुढचं बघत नाही. पहिलं मूल: प्रकार 'एम्प्टी', म्हणजे काही नाही, अट 'एंटिटी प्रॉपर्टीज', कुणाची तर 'धिस' म्हणजे मेलेल्या माशाची, आणि आत टाईप स्मॉल. दुसरं मूल: सॅमन, काउंट दोन, अट टाईप लार्ज. तिसरं मूल: सॅमन एक, अट काही नाही. म्हणजे लहान मासा मारला तर शून्य, मधला एक, मोठा दोन. फाईल साठवा, खेळात 'रीलोड' ही आज्ञा द्या, झालं.

इथे एक सावधगिरी. तुमची फाईल मूळ तक्त्यात मिसळत नाही, ती त्याची जागा घेते. मूळ तक्त्यात अशी तरतूद असते की मासा जळत असताना मेला तर भाजलेला पडावा. तुम्ही कोऱ्या पानावर लिहिलंत तर ती तरतूद गेली. हाडाची पूडही गेली. हवी असेल तर परत लिहा. आणि दोन मित्रांचे दोन पॅक एकाच जगात असले, दोघांनीही सॅमनची फाईल बदललेली असली, तर यादीत शेवटी चढलेला पॅक जिंकतो, पहिल्याचं काहीही उरत नाही. दोघांनी आधी बसून एकच फाईल करणं हाच उपाय.

तपासायचं कसं? दिवसभर मासे मारत बसायची गरज नाही. 'लूट' नावाची आज्ञा आहे. तिला सांगता येतं की हा समोरचा मासा मेला असता तर काय पडलं असतं ते मला दे. मासा जिवंत राहतो, माल तुमच्या पिशवीत. लहान सॅमनवर वीस वेळा चालवा, काही आलं नाही म्हणजे पहिली अट लागली.

आता बंदी. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नसते. हे खेळात घालता येईल का? येतं. 'टाइम चेक' नावाची अट आहे. खेळातला एक दिवस २४,००० टिकांचा, म्हणजे खऱ्या वीस मिनिटांचा. एक दिवस म्हणजे एक महिना मानू, बारा दिवसांचं वर्ष. त्याचा 'पीरियड' झाला २,८८,०००, खऱ्या वेळेत चार तास. जानेवारी शून्यापासून मोजला तर जून सुरू होतो १,२०,००० ला आणि जुलै संपतो १,६७,९९९ ला. आल्टरनेटिव्ह्जमध्ये सगळ्यांच्या वर एक एम्प्टी मूल टाका, त्याला ही अट द्या. खऱ्या वेळेत चाळीस मिनिटं कुठल्याही सॅमनमधून काही पडणार नाही.

हे मुलांना दिलं तेव्हा पहिली पळवाट निघायला फार वेळ लागला नाही. खेळात पलंगावर झोपलं की रात्र उडी मारून सकाळ होते. ही अट जगाचं घड्याळ बघते, तुमचं मनगटावरचं नाही. दोन्ही रात्री झोपून काढल्या की चाळीस मिनिटांची बंदी एकवीस-बावीस मिनिटांत संपते. पावसाळा झोपून काढणं हे तसं आपल्याकडे अगदीच नवीन नाही. सर्व्हरवर मात्र मूळ नियमानुसार सगळे झोपले तरच रात्र सरते, त्यामुळे एकानेही जागं राहायचं ठरवलं तर बंदी पूर्ण चालते.

पण याहून मोठी अडचण दुसरी आहे, आणि ती पळवाट नव्हे. लूट टेबल मासा मेल्यानंतर उघडतं. लहान सॅमनमधून शून्य पडतं, ठीक. पण तो मेलेलाच असतो. तक्त्याने मारण्यातला फायदा काढून घेतला, मारणं थांबवलेलं नाही. मेंढीच्या बाबतीत हे पुरतं, कारण तिथे खेळणारा एकेक मेंढी बघून मारतो. पण कुणी मोठा खड्डा करून त्यात पाण्याच्या प्रवाहाने मासे ओढून एकगठ्ठा मारण्याचं यंत्र बांधलं, तर लहान-मोठे सगळे मरतात, आणि मोठ्यांच्या दोन-दोन नगांसाठी यंत्र चालूच राहतं. डोल जाळ्याचं नेमकं हेच दुखणं आहे ना? प्रवाहाच्या तोंडाला लावलेलं जाळं मासा निवडत नाही. किनाऱ्यावर आणून मोजपट्टी लावली तेव्हा लहान बोंबील केव्हाच मेलेला असतो. म्हणून खऱ्या दर्यात वाद मासळीच्या आकाराबरोबरच जाळ्याच्या आसाचाही असतो. खेळात आस बदलायचा तर लूट टेबलाबाहेर जावं लागतं.

तक्त्यात राहून निदान एवढं करता येतं: 'किल्ड बाय प्लेअर' ही अट घाला. म्हणजे माणसाने स्वतः मारला तरच माल पडेल, यंत्राने मेला तर नाही. मूळ तक्त्यात माशांना ही अट नाही. ती घातली की माशांची यंत्रं एका रात्रीत निकामी होतात. सर्व्हर जड होत असेल, जमिनीवर पडलेल्या हजारो वस्तूंनी अडखळत असेल, तर त्यालाही हा उतारा चालतो. पण ज्यांनी दोन आठवडे घालवून ते यंत्र बांधलंय त्यांना आधी सांगा. सांगितल्याशिवाय तक्ता बदलणं ही सर्व्हरवरची सगळ्यात वाईट सवय, असं आमचं स्पष्ट मत आहे. नियम बदलला याचं पोरांना तितकं वाईट वाटत नाही; बदलल्यावर कळलं याचं वाटतं.

थोडं नावांविषयी. बऱ्याच जणांना सॅमनऐवजी बोंबील पडलेला हवा असतो. 'सेट नेम' नावाचं फंक्शन आहे, तिथे देवनागरीत 'बोंबील' लिहिता येतं आणि खेळ ते दाखवतो. चित्र सॅमनचंच राहील. ते बदलायला रिसोर्स पॅक लागतो, तो वेगळा विषय. पण एक होतं: नाव दिलेला मासा आणि बिननावाचा मासा एका ढिगात बसत नाहीत. ज्याच्या पेटीत जुने सॅमन आहेत त्याला दोन ढीग सांभाळावे लागतात, जागा लवकर भरते. मोठ्याला 'बोंबील', मधल्याला 'छोटा बोंबील' अशी दोन नावं दिलीत तर तीन ढीग. नाव द्यायचं तर एकच द्या. आणि वलांडीवर सुकत घातलेला बोंबील कुणाला करायचा असेल तर तो लूट टेबलाने होत नाही, त्याला रेसिपी लागते.

आता ज्यांच्याकडे संगणक नाही, फोनच आहे, आणि इथे तेच जास्त असणार. फोनवरचा खेळ म्हणजे बेडरॉक आवृत्ती. तिथे डेटा पॅक नसतो, 'बिहेवियर पॅक' असतो. तक्त्याची घडण पुष्कळशी तीच: पूल्स, रोल्स, एंट्रीज, वेट. पण कुठला प्राणी कुठला तक्ता वापरतो हे प्राण्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, 'लूट' नावाच्या भागात, तक्त्याच्या पत्त्यासह. फोल्डरचं नावही तिथे अजून 'लूट टेबल्स' असं अनेकवचनीच आहे. जावासाठी लिहिलेली अट तिथे तशीच्या तशी चालेल असं धरू नका. एकेक अट घालून तपासा.

आणि खेळ विकत घेण्याचे पैसेच नसतील तर लुआंटी आहे. २०१० मध्ये फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी ते मिनेटेस्ट या नावाने सुरू केलं. २०२४ च्या ऑक्टोबरात नाव बदलून लुआंटी झालं. फुकट आहे, मुक्त आहे, जुन्या संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर चालतं, आणि मॉडिंगसाठीच बनलेलं आहे. तिथे प्राण्यांसाठी 'मॉब्ज रीडू' नावाचा मॉड पुष्कळ जण वापरतात. त्यात प्राण्याच्या व्याख्येतच 'ड्रॉप्स' अशी यादी असते: वस्तूचं नाव, चान्स, किमान, कमाल. आणि इथे माइनक्राफ्टहून आलेला माणूस हमखास फसतो. माइनक्राफ्टमध्ये वेट मोठा म्हणजे वस्तू जास्त वेळा. मॉब्ज रीडूमध्ये चान्स मोठा म्हणजे वस्तू दुर्मिळ, कारण तो आकडा 'इतक्यांमध्ये एकदा' असा वाचायचा. चान्स १ म्हणजे दर वेळी, चान्स २० म्हणजे विसात एकदा. खूप मिळावं म्हणून शंभर लिहिणाऱ्याच्या हाती शंभरातून एकदा माल येतो.

वेळ होत आलीय. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो चांगला आहे, तेवढा घेतो. 'तुम्ही सॅमनचा तक्ता बदललात, पण मी गळ टाकून मासे धरले तर?'

तर तुमचा पॅक तुम्हाला काहीही करणार नाही. गळाला लागणारा मासा हा पाण्यात पोहणारा मासाच नव्हे. तो थेट वस्तू म्हणून येतो, त्याला माप नाही, आणि त्याचा तक्ता वेगळा आहे, 'गेमप्ले' फोल्डरमधला 'फिशिंग'. तिथे तीन डबे एकात एक आहेत: मासे ८५ चिठ्ठ्या, कचरा १०, खजिना ५. माशांच्या डब्यात कॉड ६०, सॅमन २५, पफरफिश १३ आणि रंगीत उष्णकटिबंधी मासा २. ही बिगरयांत्रिक होडी समजा, बंदीच्या काळातही चालणारी.

ती तशी सोडायची नसेल तर सॅमनच्या एंट्रीवर टाइम चेक घाला. पण मग काय होतं बघा. अट फेल गेली की सॅमनच्या २५ चिठ्ठ्या डब्यातून निघतात. उरल्या ७५, त्यात कॉडच्या ६०. कॉड साठ टक्क्यांवरून ऐंशीवर गेला. एका माशाला सुटी दिली आणि भार शेजारच्यावर पडला. म्हणून कॉडलाही तीच अट घातली, तर डब्यात उरतात पंधरा चिठ्ठ्या, आणि त्यातल्या तेरा पफरफिशच्या. पफरफिश म्हणजे कोकणात ज्याला केंड म्हणतात तो फुगणारा मासा. खेळातही तो कच्चा खाल्ला की विष चढतं. म्हणजे जून-जुलैत गळाला लागणाऱ्या दर सात माशांमधले सहा केंड. ज्याला चालेल त्याने खुशाल गळ टाकावा.